नावं, माती आणि दगड: ईपर ते लॉरेत, पाच दिवस

बेल्जियमचा पश्चिम फ्लँडर्स आणि फ्रान्सचा उत्तर कोपरा मिळून शंभरेक किलोमीटरचा पट्टा होतो. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे लाखो माणसं मेली, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत त्यांच्यासाठी कमानी, पुतळे, स्तंभ, मातीच्या मूर्ती, पोलादी भिंती उभ्या राहिल्या. युद्धस्मारक म्हटलं की विजयाचा तोरा डोळ्यांसमोर येतो. या पट्ट्यात मात्र शोकाची आणि शांततेच्या मागणीची कला तिच्या सगळ्या टप्प्यांसह बघायला मिळते. प्रत्येक ठिकाणी एवढंच तपासायचं: इथे कोणाचा शोक केला आहे आणि कोणाला वगळलं आहे. यातली बरीच ठिकाणं २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. पश्चिम आघाडीवरची एकूण १३९ स्थळं त्या नोंदीत आहेत.

पहिला दिवस: ईपर

ब्रसेल्सहून ईपरला रेल्वेनं साधारण दोन तास लागतात. जुनं गाव युद्धात जमीनदोस्त झालं. आज दिसतो तो कापडबाजाराचा भव्य सभामंडप नंतर जसाच्या तसा पुन्हा उभारलेला आहे. त्यातच ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ संग्रहालय आहे. तिकीट काढताना मनोऱ्याचं तिकीटही घ्यावं. २३१ पायऱ्या चढून वर गेलं की सगळा भूगोल एका नजरेत कळतो. गावाभोवती अर्धवर्तुळात एक टेकाड आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते टेकाड म्हणवणारही नाही, कारण त्याची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर. पण वर जर्मन होते आणि खाली चिखलात ब्रिटिश, फ्रेंच, बेल्जियन, कॅनेडियन, भारतीय. वरून सगळं दिसत होतं, म्हणून खालची माणसं मेली.

लाल खसखशीचं फूल इथल्या शोकाचं चिन्ह का झालं, याचं कारणही मातीतच आहे. या खसखशीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि माती उलटीपालटी झाली, उजेड लागला की उगवतं. तोफगोळ्यांनी आणि कबरींनी जेवढी जमीन उकरली गेली, तेवढी फुलं आली.

संध्याकाळ मेनिन दरवाजासाठी राखून ठेवावी. रेजिनाल्ड ब्लूमफील्ड या वास्तुकारानं रचलेली ही कमान २४ जुलै १९२७ रोजी खुली झाली. ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिच्या भिंतींवर आहेत. एवढी मोठी कमान, तरी जागा पुरली नाही. १५ ऑगस्ट १९१७ पर्यंतची नावं इथे घेतली आणि त्यानंतरची दुसरीकडे कोरावी लागली. पुढे कोणाचा देह सापडून ओळख पटली तर त्याला स्वतंत्र कबर मिळते आणि कमानीवरून त्याचं नाव काढलं जातं. ही यादी अजून बंद झालेली नाही.

रोज रात्री आठ वाजता इथे वाहतूक थांबवून ‘लास्ट पोस्ट’ ही मृतांना मानवंदना देणारी बिगुलाची धून वाजवली जाते. ही प्रथा १९२८ पासून चालत आली आहे. खंड पडला तो फक्त दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अंमलाखाली, मे १९४० ते सप्टेंबर १९४४. समोर जागा हवी असेल तर साडेसातच्या आत पोचावं. शेवटी टाळ्या वाजवायच्या नसतात, हे नवख्यांना माहीत नसतं. दिवसाउजेडी पुन्हा येऊन भारतीय पलटणींचे फलक वाचावेत. कमानीला लागून असलेल्या तटावर चढलं की अशोकस्तंभाच्या सिंहांचं छोटं भारतीय स्मारक आहे. बहुतेक पर्यटक पायऱ्यांवरून परत फिरतात आणि ते बघायचं राहून जातं.

कलाकृती म्हणून बघितलं तर या कमानीचा घाट विजयकमानीचा आहे, वर सिंह बसवलेला आहे. शोकाला इथे साम्राज्याचा पोशाख चढवला आहे. आत शिरून नावांची पहिली ओळ वाचली की तो पोशाख गळून पडतो, हे तितकंच खरं.

दुसरा दिवस: पालिंगबेक, टाइन कॉट, लांगेमार्क

हा दिवस सायकलचा. ईपरमध्ये सायकल भाड्यानं मिळते. या भागात सायकलमार्गांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक दिलेला असतो. आदल्या रात्री नकाशावरून क्रमांकांची माळ कागदावर उतरवून घेतली की वाटेत मोबाइल काढावा लागत नाही. पूर्ण फेरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची होते. पाणी आणि दशम्यांसारखा टिकाऊ खाऊ सोबत ठेवावा, दोन गावांच्या मध्ये दुकान लागेलच असं नाही. आणि शेताच्या कडेला गंजलेला लोखंडी गोळा दिसला तर हात लावू नये. नांगरटीत अजूनही जिवंत तोफगोळे निघतात, त्यातल्या काहींत विषारी वायू असतो. शेतकरी ते रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि बेल्जियन लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं.

गावाच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर पालिंगबेक ही राखीव वनराई आहे. इथे एकोणिसाव्या शतकात ईपर-कोमेन कालवा खोदायला घेतला, पण निसरड्या चिकणमातीमुळे काठ ढासळत राहिले आणि कालवा कधी चाललाच नाही. याच मातीत पुढे खंदक खणले गेले. पाणी मुरत नाही, काठ धरत नाहीत, मग सैनिक महिनोन्महिने गुडघाभर चिखलात. आघाडीची रेषा याच जागेवरून गेली होती. शेजारच्या होलेबेक गावाजवळ ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी १२९व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खान यांनी एकट्यानं मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय सैनिक.

या वनराईत २०१८ मध्ये, मार्चअखेरीपासून ११ नोव्हेंबरपर्यंत, कुन व्हानमेखेलेन या बेल्जियन कलावंताचं मांडणशिल्प पसरलेलं होतं: मातीच्या सहा लाख मूर्ती. पाठीत वाकून, अंग आवळून बसलेला माणूस, एवढंच प्रत्येक मूर्तीचं रूप. बेल्जियमच्या भूमीवर त्या युद्धात मेलेल्या प्रत्येकामागे एक मूर्ती. मूर्ती घडवल्या त्या सामान्य लोकांनी, २०१४ पासून चार वर्षं चाललेल्या कार्यशाळांमध्ये. प्रत्येक मूर्तीबरोबर सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यासारखा एक बिल्ला होता, आणि त्यावर दोन नावं: मेलेल्या माणसाचं आणि मूर्ती घडवणाऱ्याचं.

ही कल्पना किती नेमकी आहे ते तुलनेनं कळतं. २०१४ साली लंडनच्या टॉवरच्या खंदकात पॉल कमिन्स आणि टॉम पायपर यांनी ८,८८,२४६ चिनीमातीची लाल फुलं लावली होती. ती फुलं फक्त ब्रिटन आणि ब्रिटिश साम्राज्याच्या मृतांची होती. पालिंगबेकच्या सहा लाखांत जर्मन आहेत, फ्रेंच आहेत, भारतीय आहेत आणि गावातून पळताना मेलेले साधे नागरिकही आहेत. लंडनचं काम देखणं होतं, ते बघायला लाखो लोक आले. पण शत्रूचा मृत मोजल्याशिवाय शांततेची मागणी पुरी होत नाही, आणि ते धाडस पालिंगबेकनं केलं.

आज तिथे ते शिल्प नाही. खड्डे, झाडी आणि कोरडा कालवा आहे. तरी जावं, कारण जागाच त्या कामाचा अर्धा भाग होती.

तिथून झोनेबेकमार्गे टाइन कॉट. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची ही जगातली सर्वांत मोठी दफनभूमी आहे. जवळपास बारा हजार कबरी, त्यातल्या आठ हजारांहून अधिक अनामिक. मेनिन दरवाजावर न मावलेली सुमारे ३५ हजार नावं मागच्या वळणदार भिंतीवर आहेत. रचना हर्बर्ट बेकर यांची. नवी दिल्लीचे सचिवालयाचे दोन ब्लॉक बांधणारे हेच. शिपाई असो की कर्नल, कबरीचा दगड एकाच मापाचा: ८१ सेंटिमीटर उंच, ३८ रुंद. त्या काळी अधिकाऱ्यांच्या घरच्यांनी याला कडाडून विरोध केला होता. आयोग बधला नाही, आणि ते फार चांगलं झालं.

परतीच्या वाटेवर लांगेमार्क. जर्मन दफनभूमी म्हणजे काळपट दगड, ओकची झाडं, जमिनीलगतचे ठेंगणे क्रूस. ४४ हजारांहून अधिक मृत इथे आहेत आणि त्यातले जवळपास २५ हजार एकाच सामूहिक कबरीत. एमिल क्रीगर यांनी घडवलेल्या चार काळ्या धातूच्या आकृती मान खाली घालून उभ्या आहेत. १९१८ सालच्या एका छायाचित्रात सोबत्याच्या कबरीपाशी उभे असलेले सैनिक दिसतात, त्यावरून त्या घेतल्या आहेत. चेहरे जवळजवळ नाहीतच. लांबून बघितलं तर कोणीतरी खरंच उभं आहे असं वाटतं, म्हणून त्या आधी फाटकापासूनच बघाव्यात.

तिसरा दिवस: डिक्समाउडे आणि व्लाडस्लो

ईपरहून डिक्समाउडेला थेट रेल्वे नाही. गाडी बदलत गेलं तर अर्धा दिवस जातो, म्हणून मोटार किंवा सायकल बरी. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे आणि रस्ता सपाट, पण समुद्राकडून येणारा वारा अंगावर असतो. जाताना वेळ जास्त धरावा.

डिक्समाउडेत एइझर नदीकाठी ८४ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्यावर डच, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा चार भाषांत ‘पुन्हा युद्ध नको’ असं लिहिलेलं आहे. मूळ मनोरा मार्च १९४६ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. त्याच्या दगडविटांतून ‘पॅक्स’ नावाचं प्रवेशद्वार बांधलं आणि मागे १९६५ साली नवा मनोरा पुरा झाला. लिफ्टनं वर जाऊन मजल्यामजल्यानं संग्रहालय बघत उतरायचं. या मनोऱ्यात युद्धविरोध आणि फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या बेल्जियनांचा, राष्ट्रवाद एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि त्यावरून इथे बरंच राजकारण झालं आहे. शांततेचं वाक्य कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी ते कोणाच्या झेंड्याखाली लिहिलं आहे हे बघावंच लागतं. दोन तास इथे पुरे.

खरा दिवस व्लाडस्लोसाठी आहे. डिक्समाउडेपासून पाच-सहा किलोमीटरवर रानालगत ही जर्मन दफनभूमी आहे, पंचवीस हजारांहून अधिक मृतांची. हिरवळीत सपाट दगड बसवलेले, एकेका दगडावर अनेक नावं. चालत शेवटच्या टोकाला गेलं की जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केटे कोलविट्झ यांचं ‘शोकाकुल आईवडील’ हे शिल्प समोर येतं.

पीटर हा त्यांचा धाकटा मुलगा. १९१४ मध्ये तो अठरा वर्षांचा होता आणि स्वयंसेवक म्हणून जायला वडिलांची संमती लागत होती. वडील कार्ल तयार नव्हते. मुलाच्या बाजूनं आईनं रदबदली केली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात डिक्समाउडेजवळ तो मारला गेला. त्याच वर्षी कोलविट्झ यांनी स्मारकाचा विचार सुरू केला, आणि ते उभं राहिलं १९३२ मध्ये. पहिल्या आराखड्यात मुलाचा आडवा देह होता, उशाशी वडील, पायथ्याशी आई. तो त्यांनी सोडून दिला. अठरा वर्षांच्या अखेरीस मुलगा शिल्पातून नाहीसा झाला आणि उरले ते दोन गुडघे टेकलेले जीव.

दोघांना वेगवेगळे चौथरे आहेत, मधे मोकळी जागा. वडील ताठ, दोन्ही हात स्वतःच्याच छातीभोवती आवळलेले, नजर समोर. आई पुढे वाकलेली, मान खाली. चेहरे कार्ल आणि केटे यांचेच आहेत. शिल्प आधी एसेनजवळच्या रोगेव्हेल्डे दफनभूमीत होतं. १९५०च्या दशकात विखुरलेल्या जर्मन कबरी चार मोठ्या दफनभूमींत एकत्र केल्या, तेव्हा पीटर आणि त्याचे आईवडील इथे आले. वडिलांच्या समोरच्या दगडांपैकी एकावर त्याचं नाव आहे.

नावं उथळ कोरलेली आहेत आणि दगडावर शेवाळ धरतं, त्यामुळे भर दुपारी ती वाचता येत नाहीत. सकाळी किंवा ऊन कलल्यावर, तिरप्या उजेडात जावं. शरद ऋतूत पाचोळा साचतो, तो हातानं बाजूला सारला तर चालेल. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणं किंवा तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडणं, दोन्हींनी दगडाचं नुकसान होतं.

या संपूर्ण प्रवासात सर्वांत प्रामाणिक काम हेच आहे. इथे विजय नाही, देश नाही, बलिदानाची भाषा नाही. आपण मुलाला जाऊ दिलं, ही गोष्ट आईनं दगडात सांगितली आहे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये कोलविट्झ यांना प्रशियन कला अकादमी सोडावी लागली. १९४२ साली त्यांचा नातू, त्याचंही नाव पीटरच, पूर्व आघाडीवर मारला गेला.

चौथा दिवस: नव्ह-शापेल

इथपासून भाड्याची मोटार लागते. ईपरहून सीमा ओलांडून पस्तीसेक किलोमीटर दक्षिणेला, ला बासे ते एस्तेर रस्त्यावरच्या एका चौकात भारतीय स्मारक आहे. सार्वजनिक वाहनानं यायचं तर ला बासेपर्यंत रेल्वे आणि पुढचे काही किलोमीटर टॅक्सी. गावात हॉटेल शोधत बसू नये, जेवण ला बासेलाच उरकावं.

स्मारक वर्तुळाकार आहे. अर्ध्या बाजूला नावांची भिंत, अर्ध्या बाजूला दगडी जाळी, मधे सुमारे पंधरा मीटर उंचीचा, अशोकस्तंभाची आठवण करून देणारा स्तंभ आणि दोन्ही बाजूंना दगडी वाघ. रचना हर्बर्ट बेकर यांचीच, अनावरण ७ ऑक्टोबर १९२७. स्तंभाच्या माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश मुकुट आणि ‘स्टार ऑफ इंडिया’ हे ब्रिटिश राजवटीतलं सन्मानचिन्ह. खाली ‘ईश्वर एक आहे, विजय त्याचाच’ अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत, आणि त्याच आशयाचा मजकूर अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत. मुकुट आणि विजय दोन्ही बघून मन मागे सरतं. भिंतीवरची ४,७०० हून अधिक नावं मात्र कोणत्याही मुकुटाची मालमत्ता नाहीत.

मार्च १९१५च्या लढाईत हल्ल्याचं जवळपास निम्मं सैन्य भारतीय होतं, म्हणून ही जागा निवडली गेली. मराठी वाचकानं मात्र त्याच्या आधीची तारीख लक्षात ठेवावी: २८ ऑक्टोबर १९१४. पुण्याजवळच्या खडकीहून आलेल्या ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’च्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर हे गाव परत घ्यायला पाठवलं. या कंपन्यांत मराठे, शीख, मुसलमान होते. पूल बांधणं, खंदक खणणं हे त्यांचं काम, आणि त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगिनी घेऊन घराघरांत लढावं लागलं. त्यांचे जवळपास सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. फलक पलटणवार लावलेले आहेत. सॅपर्सचा फलक शोधून तो सावकाश वाचावा.

इथे शिपायांची नावं तरी आहेत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढला. ११०वी, १०३री, ११७वी मराठा कुतच्या वेढ्यात होत्या. तिकडच्या मृतांचं स्मारक बसऱ्याला आहे, आणि तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या भारतीय शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा दिला. ब्रिटिश शिपायाचं नाव, भारतीय शिपायाचा आकडा. २०२१ मध्ये युद्धकबर आयोगाच्याच समितीनं ही असमानता अहवालात मान्य केली. नव्ह-शापेलच्या भिंतीपाशी उभं राहून बसऱ्याची आठवण ठेवणं गरजेचं आहे, नाहीतर ही भिंत सगळ्या हिशेबाची पावती वाटते.

रस्त्यापलीकडे पोर्तुगीज दफनभूमी आहे, १,८३१ कबरींची. दहा मिनिटं तिकडेही जावं.

पाचवा दिवस: व्हिमी आणि लॉरेत

सकाळी व्हिमीचं कॅनेडियन स्मारक. वॉल्टर ऑलवर्ड या शिल्पकारानं १९२५ ते १९३६ अशी अकरा वर्षं ते बांधलं. दोन उंच पांढरे स्तंभ आणि समोर कठड्याशी मान झुकवून उभी स्त्री: शोकमग्न कॅनडा. तीस टनांच्या एकाच दगडातून कोरलेली ही मूर्ती तरुण आईसारखी दिसते. भिंतीवर ११,२८५ नावं. ऑलवर्ड यांचा आग्रह असा की नावं दगडांच्या सांध्यांवरूनही सलग कोरायची. दिसायला ते अप्रतिम, पण पुढे चुनखडीत पाणी झिरपलं, क्षार बाहेर येऊन अक्षरं बुजू लागली, आणि नावं सांध्यांवरून गेलेली असल्यामुळे एकेक दगड बदलणंही अवघड झालं. मोठी दुरुस्ती करून २००७ मध्ये स्मारक पुन्हा खुलं झालं. भोवतालच्या कुंपणात मेंढ्या चरतात, कारण जमिनीत जिवंत दारूगोळा आहे आणि गवतकापणीचं यंत्र नेता येत नाही. कुंपण ओलांडू नये.

दुपारी नोत्र-दाम-द-लॉरेत. सूशे गावातलं माहिती केंद्र खाली आहे आणि स्मृतिवलय टेकडीवर. केंद्र बघून तेच स्मारक समजून परतणारे बरेच असतात. आधी केंद्रात जावं, तिथे नाव शोधून त्याचं नेमकं स्पेलिंग लिहून घ्यावं आणि मग वर.

फिलिप प्रोस्त या वास्तुकाराचं हे वलय ११ नोव्हेंबर २०१४ रोजी खुलं झालं. सव्वातीनशे मीटर घेराची लंबवर्तुळाकार वाट, बाहेरून काळसर काँक्रीट, आत सोनेरी झाक असलेल्या स्टेनलेस स्टीलचे तीन मीटर उंचीचे ५०० फलक. फ्रान्सच्या नोर आणि पा-द-काले या दोन जिल्ह्यांत मेलेल्या ५,७९,६०६ सैनिकांची नावं त्यावर आहेत, वर्णानुक्रमे, हुद्दा, देश, धर्म काहीही न लिहिता. मारणारा आणि मरणारा एकाच ओळीत येतात. एका फलकावर सरासरी अकराशेहून जास्त नावं. जमीन जिथे उताराला लागते तिथे वलय खाली न वाकता साठेक मीटर अधांतरी पुढे जातं. शांतता किती नाजूक आधारावर उभी असते हे दाखवण्यासाठी वास्तुकारानं ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. त्या भागात उभं राहून खाली बघितलं की खाणींचा सगळा सखल मुलूख दिसतो. भर उन्हात पोलाद चकाकतं आणि अक्षरं वाचता येत नाहीत, ढगाळ दिवस उत्तम. टेकडीवर वारा बोचरा असतो.

भारतीय नावं शोधताना आडनावावर भर देऊ नये. नोंदवहीत ती बहुधा पहिल्या नावावरून लागलेली आहेत आणि कारकुनाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग झालं आहे. एकाच नावाची तीन-चार रूपं करून बघावीत, युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावानंही शोध घेता येतो. साताऱ्याकडे आणि कोकणात अनेक गावांत ‘या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके कामी आले’ अशी संगमरवरी पाटी असते, पण तीवरही आकडाच असतो. नाव सापडायची जास्त शक्यता घरातल्या पदकावर असते. त्या युद्धातल्या बहुतेक ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली आहे. पदक घासूनपुसून चकचकीत केलं तर ती अक्षरं झिजतात, म्हणून तसं करू नये. भिंग घेऊन वाचावं आणि जसं आहे तसं उतरवून घ्यावं. यादीतून राहून गेलेलं नाव असेल तर पलटण, क्रमांक आणि मृत्यूची तारीख दाखवणारा पुरावा जोडून आयोगाकडे अर्ज करता येतो.